दुर्बिणीचं पोटाचं ऑपरेशन ठरलंय? पेशंट लवकर उठून घरी यावा म्हणून तारीख ठरल्यापासून काय काय करायचं

आमच्या वॉर्डात एक गोष्ट मी इतक्यांदा पाहिलीय की आता डोळे मिटूनही सांगेन. पेशंट ऑपरेशन होऊन बाहेर येतो, पलंगाभोवती घरचे गोळा होतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पडून रहा, अजिबात हलायचं नाही, टाके तुटतील." दुसरं वाक्य मला असतं, "सिस्टर, पोटात काही द्यायचं नाही ना एवढ्यात?" यात सगळी माया असते, त्या मायेला मी कधीच नावं ठेवणार नाही, पण पेशंट लवकर बरा व्हायला नेमकं उलटं करावं लागतं, म्हणजे उठवायचं, बसवायचं, थोडं थोडं खायला द्यायचं, आणि हे सगळं घरच्यांच्याच हातून होतं कारण आम्ही सिस्टर लोक एका वेळी वीस-वीस पेशंट बघत असतो.

मी नाशिककडे सर्जिकल वॉर्डात १७ वर्षं स्टाफ नर्स आहे. खाली लिहितेय ते मुख्यतः मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या ऑपरेशनबद्दल आहे, कारण या पद्धतीचा सगळ्यात जास्त फायदा तिथं दिसतो. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, गर्भपिशवीचं ऑपरेशन यालाही बहुतेक गोष्टी लागू पडतात, फक्त दिवस कमी लागतात. आणि एक आधीच सांगते, तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या पेशंटसाठी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं, हा लेख त्यांना नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून आहे.

ही पद्धत आली कुठून

हॉस्पिटलात तुम्हाला "इरास" असा शब्द ऐकू येईल, पूर्ण नाव एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी. डेन्मार्कमध्ये हेन्रिक केलेट नावाचे सर्जन आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात एक साधा प्रश्न विचारला, की ऑपरेशन नीट झालंय, कुठलीही गुंतागुंत नाही, मग पेशंट आज घरी का जाऊ शकत नाही? उत्तरं शोधायला गेले तर दुखणं, मळमळ, आतडं सुस्त पडणं, अशक्तपणा, नळ्या आणि जुन्या सवयी अशी निघाली. मग त्यांनी एकेक कारण घेऊन त्यावर उपाय लावले आणि ते सगळे एकत्र वापरले. पुढं २००१ मध्ये केन फिअरन आणि ओले युंगक्विस्ट यांनी युरोपातल्या सर्जन लोकांचा अभ्यासगट केला, तिथून इरास हे नाव रुळलं आणि २०१० मध्ये त्याची सोसायटी झाली.

दुर्बिणीचं ऑपरेशन आपल्याकडं नवीन नाही, डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्येच मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं. पण भोकं लहान असली म्हणजे पेशंट आपोआप लवकर घरी जातो असं नाही. नेदरलँडमध्ये ९ हॉस्पिटलांत ४०० पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला, त्यात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनचे चार गट केले होते. दुर्बीण अधिक ही नवी काळजीची पद्धत, या गटातले पेशंट साधारण ५ दिवसांत घरी गेले, दुर्बीण पण काळजी जुनीच, त्यांना ६ दिवस लागले, आणि पोट उघडून केलेल्यांना ७. म्हणजे दुर्बिणीचा खर्च करायचा आणि नंतर पेशंटला जुन्या पद्धतीनं उपाशी झोपवून ठेवायचं यात अर्धा फायदा वाया जातो, हे मला प्रत्येक घराला ओरडून सांगावंसं वाटतं.

तारीख ठरली की त्याच दिवशी सुरू करायचं

बहुतेक लोक ऑपरेशनच्या आधीचे दोन-तीन आठवडे टेन्शनमध्ये आणि पैशाची जुळवाजुळव करण्यात घालवतात, ते साहजिक आहे, पण हेच दिवस सगळ्यात कामाचे असतात.

पहिलं म्हणजे रक्त. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट स्वतः बघा. बाईला १२ आणि पुरुषाला १३ च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारा की हे ऑपरेशनच्या आधी वाढवता येईल का. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असेल तर रक्त आतल्या आत झिरपत राहतं आणि पेशंटला नुसता थकवा जाणवतो, घरचे म्हणतात वय झालं. गोळ्यांनी लोह वाढायला वेळ लागतो, म्हणून हातात दिवस कमी असतील तर शिरेतून लोह देतात, त्याचा परिणामही दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून तारीख ठरली त्या दिवशीच विचारायचं, आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही.

दुसरं, तंबाखू. सिगारेट-विडी किमान ४ आठवडे आधी बंद, दारू पण तेवढेच आठवडे आधी बंद. पण रोज दारू पिणाऱ्यानं अचानक स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगून करा, नाहीतर हातपाय थरथरायला लागतात, फिट येऊ शकते. आणि इथं मला मशेरीबद्दल बोलायचंय. आमच्याकडच्या कितीतरी बायका मशेरी लावतात आणि भूलतज्ज्ञांनी "तंबाखू खाता का" विचारलं की मान हलवून नाही म्हणतात, कारण त्यांच्या हिशेबात मशेरी म्हणजे तंबाखू नव्हेच, ते दात घासणं. मशेरीत पण निकोटीन आहे, ते रक्तवाहिन्या आवळतं, आणि आतडं कापून परत जोडतात ती जोडणी भरून यायला तिथपर्यंत रक्त पोचावं लागतं. सासूबाईंना सगळ्यांसमोर विचारू नका, एकटं असताना मायेनं विचारा, त्या सांगतील.

तिसरं, औषधांची यादी. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून भूल देणाऱ्या डॉक्टरांकडं तपासणीला जा, त्याला पीएसी म्हणतात. आयुर्वेदिक चूर्ण, काढे, जिमची पावडर, सगळं न्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी बंद करायच्या हे डॉक्टरच ठरवतील, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकलेला असेल तर स्वतःच्या मनानं बंद करणं जिवावर बेतू शकतं. डायबेटिसच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साधारण ३ दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण उपाशी असताना या गोळ्यांनी साखर बरोबर दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि मीटरवर आकडा चांगला दिसल्यानं ते लवकर लक्षातच येत नाही. वजन कमी करायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन किंवा गोळी चालू असेल तर तेही नक्की सांगा, त्यानं पोट उशिरा रिकामं होतं. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट, एचबीएवनसी, ८ च्या वर असेल आणि ऑपरेशन थोडं थांबू शकत असेल तर आधी साखर आटोक्यात आणायची की नाही हे विचारून घ्या. कॅन्सर असेल तर मात्र डॉक्टर बहुतेक वेळा थांबत नाहीत, साखर इन्सुलिनवर सांभाळतात.

चौथं, खाणं आणि चालणं. रोज अर्धा तास चाला, दमछाक होत असेल तर दहा-दहा मिनिटं तीन वेळा. मेडिकलमधून श्वासाच्या व्यायामाचा तीन बॉलचा स्पायरोमीटर आणून आत्ताच शिका, बॉल फुंकायचे नसतात, श्वास आत ओढून वर धरायचे असतात, हे ऑपरेशननंतर दुखत असताना शिकवायला आम्हाला फार त्रास होतो. प्रोटीन दर किलो वजनाला १.२ ते १.५ ग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ७२ ते ९० ग्रॅम. आपल्या जेवणात एवढं पडत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, मोठा ग्लास दुधात ६-७, मूठभर डाळीत ७ च्या आसपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८. हिशेब करून बघा, वरण-भात-भाजी-पोळीत किती कमी पडतं ते कळेल. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आदली रात्र आणि सकाळ

हा भाग सगळ्यात जास्त चुकतो म्हणून इथं मी थोडं थांबून लिहिते.

"रात्री १२ नंतर पाण्याचा थेंब नाही" हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. कारण भूल देताना पोट भरलेलं असेल तर उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, ही भीती खरी आहे, आणि जेवणाच्या बाबतीत ती पाळायलाच हवी. पण पाणी पोटातून लवकर पुढं सरकतं. म्हणून आता जगभर नियम असा आहे, जड जेवण आदल्या रात्री संपवायचं, हलकं खाणं भूल द्यायच्या ६ तास आधीपर्यंत, आणि स्वच्छ पातळ पदार्थ २ तास आधीपर्यंत. स्वच्छ म्हणजे ज्यातून पलीकडचं दिसतं ते, पाणी, कोरा चहा, गाळलेला गर नसलेला ज्यूस, नुसतं नारळपाणी. दुधाचा चहा यात बसत नाही, अर्धा कप असला तरी तो जेवणातच धरायचा, ६ तास. ताक नाही, मिल्कशेक नाही, "फक्त एक बिस्कीट" पण नाही. दर वर्षी कुणाची ना कुणाची केस सकाळी दुधाचा चहा घेतला म्हणून पुढं ढकलली जाते आणि घरचे रडकुंडीला येतात.

मी पूर्वी जिथं काम करायचे तिथं, खूप वर्षांपूर्वी, एक काका होते, दुपारची केस. रात्री ९ ला जेवलेले, १२ नंतर काहीच नाही, सकाळची केस लांबली, मग दुपारी अडीचला आत घेतलं. साडेसतरा तास उपाशी. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडलेले, डोकं दुखत होतं, दोनदा म्हणाले "सिस्टर, चूळ तरी भरू द्या", आणि मी नियम म्हणून नाही म्हणाले. ते अजून माझ्या मनातून जात नाही. आज मी तसं करणार नाही, आज मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, फोन करून विचारते की केस किती वाजता घेणार, आणि त्या हिशेबानं पेशंटला पाणी देते. तुम्ही पण विचारा, "आमचा नंबर कितवा आहे, पाणी किती वाजेपर्यंत चालेल?" या एका प्रश्नाला कुणी रागवत नाही.

बऱ्याच ठिकाणी साखरेचं खास पेय देतात, माल्टोडेक्स्ट्रिनची पावडर पाण्यात घालून, आदल्या संध्याकाळी ८०० मिलीत १०० ग्रॅम आणि सकाळी ४०० मिलीत ५० ग्रॅम, भूल द्यायच्या २-३ तास आधी. त्यानं तहान, भूक, घाबरलेपण कमी होतं आणि शरीर उपासाच्या ताणात जात नाही. घरी साखरपाणी किंवा ग्लुकोजची पावडर कालवून तेच होईल असं समजू नका, आणि डायबेटिस असेल तर स्वतःहून अजिबात देऊ नका.

आंघोळ साबण लावून स्वच्छ करा, नखं कापा, नेलपॉलिश काढा. पोटावरचे केस घरी रेझरनं काढू नका, बारीक जखमा होऊन इन्फेक्शनला वाट मिळते, लागलंच तर हॉस्पिटलात मशीननं छाटतात. पोट साफ करायचं औषध सगळ्यांना लागत नाही, पित्ताशयाला तर नाहीच, आतड्याच्या ऑपरेशनला डॉक्टर ठरवतात. दिलं असेल तर जुलाब होतात, मग पाणी आणि ओआरएस भरपूर द्या. झोप येत नाही म्हणून घरातली झोपेची गोळी देऊ नका, म्हातारी माणसं त्यानं दुसऱ्या दिवशी गुंगीत राहतात.

ओटीच्या आत

इथं तुमच्या हातात फार नसतं, पण आधी विचारता येतं. दुखणं कमी व्हावं म्हणून पोटाच्या भिंतीत ब्लॉकचं, म्हणजे तो भाग बधिर करायचं, इंजेक्शन देणार का. उलटी होऊ नये म्हणून आधीच औषध देणार का, विशेषतः पेशंट बाई असेल, सिगारेट ओढत नसेल, एसटीत किंवा घाटात मळमळत असेल किंवा मागच्या ऑपरेशनला उलट्या झाल्या असतील तर हे आवर्जून सांगा, कारण अशांनाच जास्त होतात. चीर द्यायच्या आधी तासाभराच्या आत अँटिबायोटिक देतात, अंगाखाली गरम हवेची चादर घालतात, सलाईन मोजून देतात कारण जास्त पाणी भरलं तर आतड्याला सूज येते. नाकातली नळी आणि पोटातलं पाणी बाहेर काढायची नळी (ड्रेन) आता सवयीनं घालत नाहीत, गरज असेल तरच. तुमच्या पेशंटला घातली तर घाबरू नका, डॉक्टरांना आत काहीतरी दिसलं असेल, फक्त "कधी काढणार" एवढं विचारून ठेवा.

पहिली संध्याकाळ

पेशंट वॉर्डात आला, शुद्धीवर आहे, मळमळ नाही, की आमच्याकडं दोन-तीन तासांत पाण्याचे घोट सुरू होतात. मग कोरा चहा, नारळपाणी. तुमच्या मनात येईल की आतडं कापून जोडलंय आणि हे पाणी कसं देतायत. अहो, आपण काही खाल्लं नाही तरी पोटात रोज काही लिटर पाचकरस तयार होतोच आणि तो त्याच आतड्यातून जातो, मग चार घोट पाण्यानं जोडणीला काय होणार. लवकर खायला दिल्यानं जोडणी सुटत नाही हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ वेळा तपासून झालंय.

खांदा दुखतो. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का दुखतोय म्हणून नातेवाईक घाबरतात, हार्टचं काही आहे का विचारतात. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात, त्यानं छाती आणि पोटामधला पडदा चाळवतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून येते म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं, उठून चाललं की बरं वाटतं. पण छातीत दडपण, घाम, धाप असं असेल तर अंदाज बांधत बसू नका, लगेच बेल दाबा.

आता उठवायचं कसं. मागं निफाडकडच्या एक आजी होत्या, आतड्याची गाठ काढलेली, सकाळी ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी सहाला मी म्हटलं चला आजी, खुर्चीत बसू. सूनबाई एकदम पुढं आल्या, "अहो सिस्टर, आजच?" आणि आजी म्हणाल्या, "बाई, माझं पोट फाटंल." मी त्यांचा गाऊन बाजूला करून त्यांना त्यांचंच पोट दाखवलं, बोटाएवढी चिकटपट्टीची चार ठिगळं आणि बेंबीपाशी एक जरा मोठं. मग गुडघे दुमडायला लावले, एका कुशीवर पूर्ण वळवलं, खांदा आणि कंबर एकदमच, मग दोन्ही पाय पलंगाखाली सोडले आणि त्याच वेळी त्यांनी खालच्या कोपरानं आणि वरच्या हाताच्या तळव्यानं गादी ढकलली. पोटाला ओढ न बसता त्या उठून बसल्या. उताणं असताना सरळ उठायचा प्रयत्न केला की दुखतं, मग पेशंट म्हणतो आता उठणारच नाही, म्हणून ही पद्धत घरीच दहा वेळा करून घ्या. आजींना मी दोन मिनिटं तशीच बसवून ठेवली, चक्कर नाही बघितलं, मग खुर्चीत. सूनबाईंना म्हटलं तुम्ही पाठीमागं उभ्या रहा, धरू नका, नुसत्या उभ्या रहा. त्या वीस मिनिटं खुर्चीत बसल्या आणि कोरा चहा प्यायल्या.

पद्धत आखणाऱ्यांनी सुरुवातीला जे लक्ष्य ठेवलं होतं ते ऑपरेशनच्या दिवशी २ तास आणि पुढं रोज ६ तास पलंगाबाहेर असं आहे. आपल्याकडं पहिल्या दिवशी दोन तास झाले नाहीत तरी वीस-वीस मिनिटं तीन वेळा बसवा, तेही खूप आहे. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, आतडं झोपून जातं, आणि म्हाताऱ्या माणसाची मांडी आठवडाभरात चक्क बारीक होते, मी हातानं धरून पाहिलीय.

दुसऱ्या दिवसापासून

सकाळी राउंडला डॉक्टर आले की तीन प्रश्न विचारा, सलाईन आज निघेल का, लघवीची नळी आज निघेल का, आज काय खायला द्यायचं. आतड्याच्या वरच्या भागाचं ऑपरेशन असेल तर नळी साधारण दुसऱ्या दिवशीच निघते, गुदाशयाच्या बाजूचं असेल तर एक-दोन दिवस जास्त. नळी आणि सलाईन म्हणजे पेशंटला पलंगाला बांधून ठेवणारे दोर असतात, ते सुटले की माणूस आपोआप हिंडायला लागतो.

खायला पेज, मऊ भात आणि मुगाचं वरण, खिमट, इडली, उकडलेल्या अंड्याचं पांढरं, दही, पनीर. एकदम ताटभर नको, दर दोन तासांनी चार-पाच घास. आणि कृपा करून "भातानं टाके पिकतात", "डाळीनं पू होतो", "अंडं उष्ण पडतं" हे ऐकून प्रोटीन बंद करू नका. पू जंतूंनी होतो. जखम भरायला शरीराला विटा लागतात आणि त्या डाळीत, अंड्यात, दुधातच आहेत. मावशी, काकू, शेजारी कुणीही येऊन काही सांगेल, त्यांना चहा द्या, पण पेशंटच्या ताटातलं काढू नका.

मळमळलं तर थांबा, तासाभरानं परत द्या. पोट टम्म फुगलं आणि हिरव्या उलट्या झाल्या तर आतडं सुस्त पडलंय, सिस्टरला सांगा, कधीकधी नाकातली नळी दोन दिवस घालावी लागते, त्यात कुणाची चूक नसते. आतडं चालू व्हायला चालणं सगळ्यात भारी. कॉफीनं पण आतडं थोडं लवकर जागं होतं असं दिसून आलंय, चालत असेल तर एखादा कप द्या. च्युइंगम चघळायला देतात काही ठिकाणी, त्याचा उपयोग थोडाच असतो पण तोटा नाही, फक्त खूप म्हाताऱ्या किंवा गुंगीतल्या माणसाला नको, घशात अडकेल. गॅस पास झाला की डॉक्टरांना नक्की सांगा, आजी लोक "वारा सरला" म्हणतात आणि नवीन डॉक्टरांना कळत नाही, तेव्हा शेजारच्यानं सांगायचं.

चालायचं दिवसातून चार-पाच वेळा, आधी पलंगापासून दारापर्यंत, मग कॉरिडॉर. मी नातेवाईकांना सांगते पलंगाच्या पाटीवर कागद चिकटवा आणि प्रत्येक फेरीला एक काडी मारा, त्या काड्या वाढताना बघून पेशंटलाच हुरूप येतो. स्पायरोमीटर जागं असताना दर तासाला दहा वेळा. खोकला आला तर दाबू नका, उशी पोटाशी घट्ट धरून खोका. पोटाचा पट्टा ज्याला बरा वाटतो त्यानं चालताना लावावा, चोवीस तास आवळून ठेवायचा नाही, मग श्वासच वर वर घेतला जातो.

दुखणं सहन करू नका

आपल्याकडं एक समज आहे की दुखणं सोसणं म्हणजे चांगला पेशंट. दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही, म्हणजे वरचं सगळं बारगळतं. म्हणून औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, दुखेपर्यंत थांबायचं नाही. साधं पॅरासिटामॉल दर सहा तासांनी १ ग्रॅम, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि ५० किलोच्या आत वजन असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी, ते डॉक्टर सांगतील. त्याच्या जोडीला दुखण्याची दुसरी गोळी असते, किडनी किंवा अल्सरचा इतिहास असेल तर आधी सांगा. ट्रामाडॉल, मॉर्फिनसारखी औषधं लागली तरच, कारण त्यांनी मळमळतं आणि आतडं आणखी सुस्त होतं. पेशंटला "दुखतंय का" असं विचारू नका, सगळे "ठीक आहे" म्हणतात. विचारा, "खोकून दाखवता?" चेहऱ्यावरून कळेल.

घरी कधी आणि घरी काय

डिस्चार्ज दिवसांवर नसतो, पाच गोष्टींवर असतो, जेवण पोटात राहतंय, गोळ्यांवर दुखणं आटोक्यात आहे, स्वतः उठून संडासला जातोय, ताप नाही, आणि गॅस किंवा संडास सुरू झालंय. पित्ताशयाचा पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आतड्याचा सगळं ठीक असेल तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. पण घरी बघायला कुणी नसेल, गाव दोन तास लांब असेल, रात्री गाडी मिळत नसेल तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, एक दिवस जास्त राहण्यात काही वावगं नाही.

आता हे मात्र लिहून फ्रिजवर लावा. आतड्याची जोडणी सुटायची असेल तर ती बहुतेक वेळा तिसऱ्या ते आठव्या दिवसात लक्षात येते, आणि आता पेशंट तेव्हा घरी असू शकतो, म्हणून तुमचे डोळे महत्त्वाचे. कमी होत आलेलं दुखणं परत वाढलं, ताप १००.४ च्या वर, नाडी बसल्या जागी १०० च्या वर राहतेय, पोट फुगतंय, उलट्या, जेवणावरची वासना एकदम गेली, किंवा माणूस "काहीतरी बरं वाटत नाही" म्हणतोय, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघायची नाही. ताप नसताना नुसती नाडी वाढलेली पण मी मोठी गोष्ट समजते. पित्ताशयाच्या पेशंटचे डोळे पिवळे झाले, किंवा कुणाचीही एक पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, तर थेट इमर्जन्सी. डिस्चार्जच्या आधी रात्री उचलला जाणारा फोन नंबर मागून घ्या आणि तिथंच एकदा लावून बघा.

कॅन्सरचं ऑपरेशन असेल तर रक्त पातळ करणारं पोटातलं छोटं इंजेक्शन एकूण २८ दिवस घ्यायला सांगतात. ते महाग पडतं आणि लोक घरी गेल्यावर सोडून देतात, कारण पेशंट चालतोय ना. सोडू नका, खर्च जमत नसेल तर डॉक्टरांशी बोला. टोचायचं कसं ते वॉर्डातच सिस्टरच्या समोर दोनदा करून शिका, कातडीची घडी धरून सरळ टोचायचं, नंतर चोळायचं नाही.

आंघोळ बहुतेकांना दोन दिवसांनी चालते, पट्टी ओली झाली तर बदला, जखमेवर हळद किंवा पावडर लावू नका. जिने चढा. भरलेली बादली, हंडा, सिलिंडर, नातवंडं ४ ते ६ आठवडे उचलायची नाहीत. गाडी तेव्हा, जेव्हा न दुखता जोरात ब्रेक दाबता येईल आणि गुंगीची गोळी चालू नसेल. दुपारी झोप येईल, थकवा तीन-चार आठवडे राहतो, झोपू द्या, पण संध्याकाळी अंगणात फेरी मारायला उठवा. गाठ काढली असेल तर तिचा तपासणीचा रिपोर्ट कधी येणार आणि कुणी आणायचा हे आजच ठरवा, डिस्चार्ज कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा.